वजन झालं की तो कागद फेकू नका

प्रति,
मा. सदस्य सचिव,
कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, बंगळूर

विषय : बेळगावच्या हवेतल्या धुळीत कोणते धातू आहेत, हे मोजून जाहीर करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानं कुठल्याही नागरिकाला आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायची मुभा दिली आहे, आणि मराठी या भागात किती वापरात आहे ते गणपत गल्लीत पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. शिवाय माझं कन्नड बोलण्यापुरतं बरं आहे, लिहिण्यापुरतं नाही. चुकीच्या कन्नडमध्ये लिहून तुमचा वेळ घेण्यापेक्षा हे बरं.

मी एकतीस वर्षं उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीच्या (लोखंड ओतायच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये काढली. तीन वेगवेगळ्या कारखान्यांत, पण काम तेच. भट्टीतून वितळलेल्या लोखंडाचा लॅडलभर रस निघाला की मोल्डिंगवाल्यांच्या आधी आमचा पोरगा पळायचा. चमचाभर रस तांब्याच्या साच्यात ओतायचा, त्याचं बटण थंड करायचं, ग्राइंडरवर घासायचं आणि स्पेक्ट्रोमीटरखाली ठेवून ठिणगी द्यायची. मिनिटाच्या आत कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस सगळं पडद्यावर. मी कामाला लागलो तेव्हा हे यंत्र नव्हतं. कार्बनला स्ट्रोलाइनचं उपकरण आणि सिलिकॉनला ओली रीत, आम्लात उकळत बसायचं. तोवर भट्टीवाला खालून शिव्या देत असायचा.

हे सगळं सांगण्याचं कारण एकच आहे. एसजी आयर्नची, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या लोखंडाची, हीट (भट्टीतला एक घाणा) असली की आम्ही शिशाचा आकडा डोळ्यांत तेल घालून बघायचो. ०.००५ टक्क्यांच्या आसपास शिसं आलं तरी ग्रॅफाइटचे गोळे बिघडतात आणि कास्टिंग ठिसूळ होतं. लाख भागांत पाच भाग! तेवढ्यावर आख्खी हीट बाजूला काढलेली आहे मी, आणि मालकाची बोलणीही खाल्ली आहेत. पुण्याहून गिऱ्हाइकाचा माणूस यायचा आणि पहिल्यांदा टेस्ट सर्टिफिकेट मागायचा. लोखंडाच्या पोटात काय आहे याचा कागद सोबत असल्याशिवाय एक क्रँककेस बेळगावबाहेर जात नसे.

आणि त्याच भट्टीच्या तोंडातून जो धूर वर जायचा, त्यात काय आहे ते एकतीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करून पुढचं लिहितो.

शिसं लोखंडात विरघळत नाही. भंगारातून शिसं आलं की थोडं तळाला बसतं आणि भट्टीचं अस्तर खातं, आणि दीड हजार अंशांच्या त्या रसातून बरंचसं वाफ होऊन वर जातं. जस्त तर ९०७ अंशांनाच उकळतं. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचे तुकडे चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, आले की भट्टीवर जो पांढराशुभ्र धूर उठतो तो जस्ताचा. मुलामा दिलेल्या जुन्या बोल्टांबरोबर कॅडमियम येतं, ते ७६७ अंशांना उडतं. म्हणजे आम्ही लॅबमध्ये जो आकडा बघून ‘हीट ओके’ म्हणायचो, तो ओके यायचा त्याचं एक कारण म्हणजे बाकीचा धातू धुरातून शेजारच्या अनगोळ आणि मजगाव या वस्त्यांच्या दिशेनं गेलेला असायचा.

पितळेच्या शॉपमध्ये आमचे काही मित्र होते. रविवारची सुट्टी घालवून सोमवारी कामावर आले की संध्याकाळी थंडी वाजून ताप. मंगळवारी बरे. पुढच्या सोमवारी परत. आम्ही त्याला सोमवारचा ताप म्हणायचो आणि हसायचो. तो जस्ताच्या धुराचा ताप. शरीराला दोन दिवसांत त्या धुराची सवय होते आणि सुट्टीत ती मोडते. त्यावर उपाय म्हणून कारखान्यात गूळ आणि दूध मिळायचं. गूळ छाती साफ करतो अशी आमची श्रद्धा. गुळानं शिसं उतरत नाही हे मला फार उशिरा कळलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

हवेतली धूळ मोजायची तुमची रीत मला ठाऊक आहे. फार अवघड नाही. एक पंप मिनिटाला साधारण सव्वा घनमीटर हवा ओढतो. ती हवा वहीच्या पानाएवढ्या एका पांढऱ्या फिल्टर कागदातून जाते. दहा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण आधीच गाळले जातात, बाकीचे कागदावर बसतात. चोवीस तासांनी कागद काढायचा, वजन करायचं, कोऱ्या कागदाचं वजन वजा करायचं. झाला पीएम १० चा आकडा. वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, एका दिवसाची १०० च्या आत. अडीच मायक्रॉनखालच्या बारीक कणांसाठी (पीएम २.५) ४० आणि ६०. वर्षातून १०४ वेळा, आठवड्यातून दोनदा.

वजन झाल्यावर त्या कागदाचं काय होतं? माझं सगळं पत्र एवढ्या एका प्रश्नाचं आहे.

कारण तो कागद म्हणजे आमचं बटण आहे. त्याची पट्टी कापून आम्लात उकळली आणि अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनच्या (धातू ओळखून मोजणाऱ्या) यंत्रावर लावली की आत किती शिसं, किती निकेल, किती आर्सेनिक ते निघतं. मी काही नवं सुचवत नाही. १८ नोव्हेंबर २००९ ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं हवेची जी राष्ट्रीय मानकं काढली त्यात बारा गोष्टी आहेत आणि त्यांत हे तिन्ही धातू आहेत. शिसं वर्षाला सरासरी ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिक ६ नॅनोग्रॅम, निकेल २० नॅनोग्रॅम, सगळं दर घनमीटर हवेत. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. इतकी बारीक मर्यादा ज्यांनी घातली त्यांनी ती उगाच घातलेली नाही. कागद उकळायची रीतही त्याच अधिसूचनेत दिलेली आहे.

त्याच अधिसूचनेनं आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे आमच्याकडच्या फार लोकांचं लक्ष गेलं नाही. १९९४ च्या मानकांत औद्योगिक भागाला वेगळी, सैल मर्यादा होती आणि राहत्या वस्तीला वेगळी. शिशाला कारखान्यांच्या भागात १.०, वस्तीत ०.७५. २००९ ला हा भेद काढून टाकला. म्हणजे ‘उद्यमबाग आहे, थोडं चालायचंच’ हे उत्तर तेव्हाच कागदावरून गेलं. तोंडातून अजून गेलेलं नाही. मी मागं एका कार्यालयात (कुठल्या ते सोडा) साधी चौकशी करायला गेलो होतो. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, “हवा छान आहे की. पाऊस पडतोय.” जुलै महिना होता. जुलैत बेळगावची हवा छान असतेच. तो पाऊस हवा धुऊन जे खाली आणतो ते बळ्ळारी नाल्यातून वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या भातात शिरतं, आणि भाताचं पीक कॅडमियम मुळातून वर ओढून घेण्यात हुशार असतं. पण हा विषय पाण्याचा. तो पुढच्या पत्रात.

हल्ली मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघायची सगळ्यांना सवय लागली आहे. माझी सूनही सकाळी सांगते, “बाबा, आज हिरवं आहे, फिरायला जा.” २०१५ च्या एप्रिलमध्ये हा एक्यूआय सुरू झाला. त्यात आठ गोष्टी धरल्या आहेत आणि आठवं नाव शिशाचं आहे. पण रस्त्याच्या कडेला उभं असलेलं स्वयंचलित यंत्र शिसं तिथल्या तिथं मोजत नाही, म्हणून रोजच्या आकड्यात ते नसतंच. आर्सेनिक आणि निकेल तर यादीतच नाहीत. क्रोमियम, कॅडमियम, मँगनीज यांना आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी मर्यादाच घातलेली नाही. युरोपात कॅडमियमला ५ नॅनोग्रॅमचं लक्ष्य आहे. म्हणजे हिरवा रंग दिसतो तो वजनाचा हिरवा, गुणाचा नव्हे.

वजनानं कसं फसायला होतं ते सांगतो. समजा शंभर मायक्रोग्रॅम धूळ आहे आणि त्यात मर्यादेएवढं, म्हणजे अर्धा मायक्रोग्रॅम शिसं आहे. शंभरातला अर्धा! उद्या टँकरनं रस्त्यावर पाणी मारलं, धूळ निम्मी झाली आणि त्याच आठवड्यात कुणी गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या वितळवायला घेतल्या, शिसं दुप्पट झालं. तुमच्या तक्त्यात त्या आठवड्याला हवा सुधारली अशी नोंद होणार. आमच्या लॅबमध्ये कास्टिंगचं नुसतं वजन करून कुणी ‘ओके’ म्हटलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

उलटंही खरं आहे, तेही प्रामाणिकपणे लिहितो. आमच्याकडची धूळ मुळातच तांबडी. खानापूरकडून येणारी प्रत्येक ट्रक जांभ्याची पूड सांडत येते. त्या मातीत लोखंड आणि अॅल्युमिनियम भरपूर, मँगनीजही असतं. फिल्टरवर लोखंड जास्त सापडलं म्हणून लगेच फाउंड्रीवाल्याच्या नावानं बोंब मारायची नाही. मातीचा धातू कुठला आणि भट्टीचा कुठला हे वेगळं काढायची रीत आहे. मातीत अॅल्युमिनियमच्या मानानं शिसं किती असतं ते प्रमाण धरायचं आणि फिल्टरवरच्या धुळीत तेच प्रमाण बघायचं. मातीपेक्षा ते कितीतरी पट वाढलेलं दिसलं तर ते शिसं जमिनीतून आलेलं नाही. दुसरी खूण कणांच्या आकारात. माती भरड असते; ती नाकात अडकते, शिंकलं की जाते. भट्टीतून वाफ होऊन थंड झालेला धातू एक मायक्रॉनपेक्षाही बारीक कणांत गोठतो, आणि माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाड असतो. असा कण नाकात थांबत नाही. थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तिथून रक्तात. म्हणून पीएम २.५ चा कागदही उकळायला हवा, नुसता पीएम १० चा नाही.

शहापूरच्या सराफ पेठेत माझं लहानपण गेलं. तिथं झारेकरी यायचा. सराफाच्या दुकानातला केर तो पैसे देऊन विकत घ्यायचा. उंबऱ्यातली माती, जुनं बसकर, कधी कधी दुकानासमोरच्या गटारातला गाळसुद्धा. घरी नेऊन धुवायचा, गाळायचा, आटवायचा आणि त्यातून गुंजभर सोनं काढायचा. आम्हा पोरांना तो वेडा वाटायचा. आता वाटतं, धुळीकडं नीट बघणारा गावात तो एकटाच होता. त्याला ठाऊक होतं की धातूचं काम जिथं चालतं तिथली धूळ म्हणजे नुसती धूळ नसते. आपल्या शहरात तर बोगारवेस आहे. बोगार म्हणजे तांब्या-पितळेचं काम करणारे, वेशीला नावच त्यांचं. धातू आमच्या गावाच्या नावनिशीत आहे. तो हवेत किती आहे, एवढंच लिहिलेलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात घरी एक प्रकार झाला. गच्चीवर पापड वाळत घातले होते. संध्याकाळी सौ. ताट घेऊन खाली आली. “अहो, हे बघा की, परत काळं बसलंय.” पापडावर बारीक काळे ठिपके. माझ्या नातवाला शाळेत चुंबकाचा धडा होता. जुन्या स्पीकरचा चुंबक मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि त्याला म्हटलं, गच्चीच्या कठड्यावरून फिरव. दोन फेऱ्यांत पिशवीला काळ्या मिशा फुटल्या. पोरगं खूश. मग म्हणालं, “आजोबा, सगळी घाण निघाली?” मला उत्तर द्यायला वेळ लागला. चुंबकाला लोखंड चिकटतं. शिसं चिकटत नाही, कॅडमियम चिकटत नाही, आर्सेनिक चिकटत नाही. जे निघालं ते दिसलं म्हणून सापडलं. राहिलं त्याचं काय?

शिसं नेमकं पोरांच्याच मागं लागतं. ते कॅल्शियमचं सोंग घेऊन शरीरात शिरतं आणि मेंदूच्या वाढीत अडथळा आणतं. पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाचं शरीर दहा टक्क्यांच्या आसपास शोषतं, लहान मुलाचं चाळीस-पन्नास टक्के. मूल रांगतं, हात तोंडात घालतं. अंगात रक्त कमी असेल, लोह कमी असेल, तर आणखी जास्त शोषतं, आणि आमच्या वस्त्यांत रक्त कमी नसलेलं मूल शोधावं लागतं. एकदा हाडात बसलं की दहा-वीस वर्षं तिथून हलत नाही. पोरगी मोठी होऊन गरोदर राहिली की तेच शिसं हाडातून सुटून बाळाकडे जातं. रक्तात अमुकइतकं शिसं निर्धोक, असा आकडा जागतिक आरोग्य संघटना देत नाही. २०२० साली युनिसेफनं सांगितलं की जगातल्या दर तीन मुलांतल्या एकाच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आहे. हे मूल आजारी दिसत नाही. शाळेत जरा मागं राहतं, चिडचिड करतं, आणि मास्तर पालकांना बोलावून सांगतात, लक्ष नाही याचं.

इतर धातूंचं थोडक्यात. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि निघायला दशकं घेतं. निकेलची संयुगं, आर्सेनिक, कॅडमियम आणि सहा संयुजेचं क्रोमियम ही कर्करोग करतात याबद्दल आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेला शंका उरलेली नाही. मँगनीजचा धूर वर्षानुवर्षं घेतला की हात थरथरतात. हे वेल्डरांत आढळलेलं आहे. निपाणीच्या तंबाखूवाल्यांना वाईट वाटेल, पण तंबाखूचं पान मातीतलं कॅडमियम फार आवडीनं खेचतं, म्हणून विडी ओढणाऱ्याच्या अंगात ते आधीच जास्त असतं. फाउंड्रीत विडी ओढणारे किती हे मी सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, शिसं तर गेलं की! १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. खरं आहे, आणि ती फार मोठी गोष्ट झाली. पण शिसं कुजत नाही. जुन्या पुणे-बंगळूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या मातीत तीस-चाळीस वर्षं जे पडलं ते मातीच्या वरच्या थरातच असणार, आणि रस्ता खणला की परत हवेत येणार. गेल्या काही वर्षांत आमचे रस्ते किती वेळा खणले गेले ते मोजायला वेगळं यंत्र लागेल. शिवाय पेट्रोल नसेल तर इतर वाटा आहेत. दहा-बारा किलोच्या एका बॅटरीत निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याला भट्टी लागत नाही, चूल पुरते. माझ्या ओळखीच्या एका गल्लीत (गाव सांगत नाही, माणसाचं पोट त्यावर आहे) रात्री अकराला बॅटऱ्या फुटायच्या. आम्ल गटारात, प्लॅस्टिक एकीकडे, शिशाच्या पाट्या कढईत. सकाळी तिथंच पोरं गोट्या खेळायची. २००१ चे बॅटरी नियम होते, २०२२ चे नवे आहेत. नियम दिवसा फिरतात.

गाड्यांच्या ब्रेकमधून तांबं आणि अँटिमनी झडतं, टायरमधून जस्त. विजेच्या गाड्या आल्या तरी ब्रेक आणि टायर राहणारच. गणपतीच्या आणि दिवाळीच्या फटाक्यांतल्या हिरव्या रंगाला बेरियम लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली शिसं, आर्सेनिक, पारा, अँटिमनी आणि २०१८ च्या ऑक्टोबरात बेरियमही फटाक्यांतून काढायला सांगितलं. आमची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. मी कुठल्या मंडळाचं नाव घेत नाही. मी स्वतः आमच्या गल्लीच्या मंडळाचा माजी खजिनदार आहे आणि फटाक्यांच्या पावत्यांवर माझ्या सह्या आहेत.

फाउंड्री बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या भट्टीवर माझी दोन पोरं शिकली. मोल्डिंगला मराठी, फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) कन्नड, भट्टीवर उत्तरेकडचे, सगळ्यांच्या चुली त्यावर पेटतात. पण एक विसंगती तुमच्याच नियमांत आहे ती बघा. तासाला तीन टनांपेक्षा कमी वितळवणाऱ्या कपोलाला (कोकवर चालणाऱ्या भट्टीला) चिमणीतून घनमीटरला ४५० मिलिग्रॅम धूळ चालते, मोठ्या कपोलाला आणि विजेवरच्या इंडक्शन भट्टीला १५०. लहान कारखानदाराला सवलत असावी हे कळतं. पण लहान कारखाना कुठं असतो? घरांना खेटून. मोठ्याच्या भोवती निदान मोकळी जागा असते. आणि हे दोन्ही आकडे पुन्हा वजनाचेच. भंगार निवडून घेतलं, रंगवलेलं, मुलाम्याचं आणि गॅल्व्हनाइज्ड तुकडे वेगळे काढले, भट्टीवर हुड आणि पुढं पिशव्यांचा फिल्टर बसवला, तर फार फरक पडतो. भंगार निवडायला तर नुसती दोन माणसं आणि एक डोळा लागतो. पिशव्यांत साठलेली राखाडी पूड मात्र रस्त्याकडेला टाकायची नाही. सगळा धातू तिच्यातच गोळा झालेला असतो.

माझी विनंती फार मोठ्या खर्चाची नाही. आहेत त्या केंद्रांवरचे कागद महिन्यातून दोनदा तरी उकळा. उद्यमबागेच्या वाऱ्याखाली, अनगोळ किंवा मजगावच्या एखाद्या शाळेच्या गच्चीवर एक यंत्र ठेवा. एक शहापूरच्या पेठेत. एक तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, जिथं गाड्या थांबून थांबून ब्रेक मारतात. आणि एक येळ्ळूरच्या शिवारात, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील. मार्च-एप्रिलचे आणि डिसेंबर-जानेवारीचे आकडे वेगवेगळे द्या, वर्षाच्या सरासरीत पावसाळा मिसळून ते पातळ करू नका. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालयच आमच्या गावात आहे. पोरांना प्रकल्पाला विषय हवेच असतात. आकडे निघाले की कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्हीत छापा आणि महापालिकेच्या फलकावर लावा. याआधी मोजले असतील तर तेच आधी लावा.

डिसेंबरचा मुद्दाम उल्लेख केला. थंडीत पहाटे मी कधी कधी राजहंसगडावर जातो. वरून बघितलं की शहरावर धुराची चादर सपाट अंथरलेली दिसते, वर जातच नाही. खालची हवा गार आणि वरची ऊबदार, त्यामुळे झाकण बसल्यासारखं होतं. सूर्य चांगला वर आला की मग ती विरते. नेमक्या त्याच महिन्यात बंगळूरहून सगळं सरकार हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशनाला येतं. म्हणजे वर्षातली सगळ्यात वाईट हवा आमदार आणि आम्ही मिळून घेतो. तेवढे दिवस तरी आपण एका पंक्तीला असतो.

आणि हे आमच्या मराठी पुढाऱ्यांसाठी, कारण पत्र खुलं आहे आणि ते वाचतील. १९५६ पासून आपण जमीन कुणाची यावर भांडतोय. महाजन अहवाल झाला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, दर १ नोव्हेंबरला काळे झेंडे घेऊन मीही फेरीत चाललो आहे. पण हवेचं काय? २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात पलीकडची कोल्हापूर आणि सांगली आहेत, अलीकडची हुबळी-धारवाड आहे. कर्नाटकातली चार शहरं घेतली, त्यात बेळगाव नाही. ही यादीसुद्धा मुख्यतः धुळीच्या वजनावरच ठरली आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोळीच्या फाउंड्र्या आणि उद्यमबागेच्या फाउंड्र्या एकच भंगार घेतात, तेच व्यापारी, तेच ट्रक. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर ट्रक थांबवून कागद बघतात. वाऱ्याला कुणी थांबवत नाही. त्या फेरीत एकदा तरी कुणी ‘फिल्टरचा रिपोर्ट दाखवा’ असा फलक धरावा. मी रंगवून देतो, दोन्ही भाषांत.

महोदय, गच्चीवरची ती चुंबकाची पिशवी मी जपून ठेवली आहे, तारीख टाकून. शेजारी कठड्यावरची झाडून घेतलेली धूळ काचेच्या बाटलीत वेगळी आहे, चुंबक न लावलेली. तुमच्या लॅबमध्ये तपासायला द्यायची असेल तर सांगा, मी स्वतः घेऊन येतो. पट्टी कापायला, आम्लात उकळायला माणूस कमी पडत असेल तरी सांगा. ओली रीत अजून हातात आहे, आणि हात अजून थरथरत नाहीत. मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी. मंगळवारी नातवाला शाळेतून आणायची माझी पाळी असते.

आपला नम्र,
एक निवृत्त फाउंड्री केमिस्ट
अनगोळ, बेळगाव